उन्हाळा, मूत्रपिंड आणि पेशीतील मालवाहतूक

मे महिन्यात सोलापूर शहराच्या पूर्व भागातून भर दुपारी जाणाऱ्याला यंत्रमागांचा खडखडाट बंद दारांआडूनही ऐकू येतो. बाहेर पारा ४० अंश सेल्सियसच्या वर चढलेला असतो. आत पत्र्याच्या छपराखाली कामगार विणल्या जाणाऱ्या चादरीवर नजर ठेवून उभा असतो. सकाळपासून तो तीन-चार तांबे पाणी प्यालेला असतो. तरीही दुपारपर्यंत त्याला लघवीला जाण्याची गरज क्वचितच भासते आणि गेलाच तर ती थोडी व गडद पिवळी होते. पाणी घामावाटे गेले, एवढे स्पष्टीकरण सर्वसाधारणपणे पुरेसे वाटते. परंतु ते अर्धेच खरे आहे. घाम आला म्हणून लघवी आपोआप कमी होत नाही. मूत्रपिंडाला तसा आदेश मिळावा लागतो. तो आदेश विशिष्ट पेशींना कळावा लागतो आणि त्या पेशींना आपल्या आतील कोठारातून एक ठरावीक वस्तू उचलून एका ठरावीक भिंतीत नेऊन बसवावी लागते. ही सर्व हालचाल काही मिनिटांत पार पडते. ती बिघडली, तर सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यातील उन्हाळाच काय, पण एरवीचा साधा दिवसही माणसाला जड जाईल.

ती वस्तू म्हणजे एक प्रथिन आहे. पेशी आपली प्रथिने कोठे घडविते, त्यांची निवड कशी करते आणि त्यांना एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात कशी पोहोचविते, हा जीवविज्ञानातील गेल्या सत्तर वर्षांतील एक मोठा शोधविषय राहिला आहे. त्याची ओळख करून घेण्यासाठी मूत्रपिंडातील पाण्याच्या दाराइतके सोयीचे उदाहरण सापडणे कठीण.

पाण्याचा ताळेबंद

निरोगी प्रौढ माणसाची दोन मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळून काढतात. शरीरातील रक्तद्रव जेमतेम तीन लिटर असतो. याचा अर्थ तोच द्रव दिवसातून सुमारे साठ वेळा गाळला जातो. गाळलेले जवळजवळ सर्व पाणी परत घेतले जाते आणि दीड लिटरच्या आसपास मूत्र बाहेर पडते. हे काम प्रत्येक मूत्रपिंडातील सुमारे दहा लाख सूक्ष्म नळ्या करीत असतात. नळीच्या आरंभीच्या भागात दोन-तृतीयांश पाणी विनाअट परत घेतले जाते. तेथे उन्हाळा व पावसाळा असा भेद नाही. पुढच्या वळणातही काही पाणी परतते. शेवटच्या टप्प्यात, म्हणजे ज्यांना संकलक नलिका म्हणतात त्या भागाकडे येईपर्यंत, १८ ते २० लिटर पाणी उरलेले असते आणि खरा निर्णय येथे होतो. हे सर्व पाणी जाऊ दिले, तर माणसाला दिवसाला १८ लिटर लघवी होईल. शक्य तेवढे ओढून घेतले, तर अर्ध्या लिटरवर भागेल. उजनीच्या पाण्याकडे डोळे लावून बसणाऱ्या आणि नळाला रोज पाणी न येण्याची अनेक वर्षे सवय जडलेल्या सोलापूरकरांना या दोन आकड्यांमधील अंतराचे मोल वेगळे सांगावयास नको.

संकलक नलिकेच्या बाहेर, मूत्रपिंडाच्या अंतर्भागात, क्षार आणि युरिया यांची दाटी झालेली असते. ती रक्ताच्या चौपट होऊ शकते. पाण्याचा नैसर्गिक ओढा पातळ बाजूकडून दाट बाजूकडे असतो. म्हणून नलिकेतील पाणी बाहेर पडण्यास उत्सुकच असते. मात्र नलिकेची भिंत पेशींची बनलेली असते, प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचे पातळ पटल असते आणि या पटलातून पाणी सहजासहजी जात नाही. तेथे दार लागते.

हे दार सापडण्यास बराच काळ लागला आणि सापडले तेही काहीसे योगायोगाने. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पीटर अ‍ॅग्रे हे रक्तगटाशी संबंधित एका प्रथिनाचा अभ्यास करीत असता, तांबड्या पेशींच्या पटलातील एक अनोळखी प्रथिन वारंवार त्यांच्या नमुन्यात येऊ लागले. १९९२ साली त्यांच्या गटाने बेडकाच्या अंड्यात हे प्रथिन तयार करवून ती अंडी पातळ द्रवात सोडली. साधी अंडी शाबूत राहिली; प्रथिन असलेली अंडी पाणी शिरून फुगली आणि फुटली. या प्रथिनाला अ‍ॅक्वापोरिन असे नाव मिळाले. त्यातील छिद्र इतके अरुंद असते की पाण्याचे रेणू एकामागे एक अशा रांगेनेच जातात. तरीही एका दारातून सेकंदाला अब्जावधी रेणू पार होतात आणि क्षार मात्र बाहेरच राहतात. अ‍ॅग्रे यांना २००३ साली रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा देण्यात आला. संकलक नलिकेतील दार थोडे निराळे आहे. ते १९९३ साली जपानमधील संशोधकांनी ओळखले. त्याला अ‍ॅक्वापोरिन-२ म्हणतात.

दार उघडत नाही, दार येते

आता आदेशाकडे वळू. घामाने शरीरातील पाणी घटले की रक्तातील क्षारांचे प्रमाण किंचित वाढते. ही वाढ शेकडा एक-दोन इतकी असली तरी मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागाला ती कळते आणि पोष ग्रंथीच्या मागील भागातून व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडले जाते. केवळ नऊ अमिनो आम्लांची ही साखळी आहे. विशेष असे, की स्पष्टपणे तहान लागण्यापूर्वीच हा आदेश निघालेला असतो. माणूस तांब्याकडे हात नेईपर्यंत मूत्रपिंडाने काटकसर सुरू केलेली असते.

व्हॅसोप्रेसिनमुळे भिंत पाण्याला वाट कशी देते, हे कोडे संशोधकांनी प्रथम बेडकासारख्या उभयचरांच्या मूत्राशयावर सोडविण्याचा प्रयत्न केला. १९७० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहताना असे दिसले की, संप्रेरक दिल्यावर पेशीच्या पटलात कणांचे पुंजके प्रकट होतात आणि संप्रेरक काढून घेतल्यावर ते नाहीसे होतात. हे कण येतात कोठून? १९८१ साली जेम्स वेड यांनी असे मत मांडले की, ते पेशीच्या आतील लहान पिशव्यांत तयारच ठेवलेले असतात. आदेश आला की पिशवी पटलाला जाऊन मिळते आणि आदेश संपला की तोच भाग पुन्हा आत खेचला जातो. विणकराच्या हातातील धोट्याप्रमाणे ही ये-जा चालते, असे त्या कल्पनेचे स्वरूप होते. प्रत्यक्ष दाराची ओळख पटल्यानंतर १९९५ साली सोरेन निएल्सन, मार्क नेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या मूत्रपिंडात अ‍ॅक्वापोरिन-२ चे हे स्थलांतर दाखवून दिले.

येथे एक गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. गरज पडली की नवे दार घडविणे हा एक मार्ग होता. पण त्याला तास लागले असते. दार कायम भिंतीत ठेवून त्याला कडी-कुलूप लावणे हा दुसरा मार्ग होता आणि पेशीतील अनेक प्रथिनांच्या बाबतीत तो वापरलाही जातो. या पेशीने तिसरा मार्ग पत्करला आहे. दार तयार ठेवावयाचे, पण कोठारात. हवे तेव्हा भिंतीत बसवावयाचे आणि काम झाले की काढून आणावयाचे. म्हणजे पाणी वाचविण्याचा सगळा प्रश्न अखेर वाहतुकीचा प्रश्न होऊन बसतो.

भिंतीच्या तुकड्यासह प्रवास

पटलातील प्रथिनाची वाहतूक ही साध्या मालाच्या वाहतुकीसारखी नाही. अ‍ॅक्वापोरिन-२ ही २७१ अमिनो आम्लांची साखळी पटलातून सहा वेळा आरपार गेलेली असते. तिचा मधला भाग तेलकट परिसरातच सुखाने राहू शकतो. पटलातून उपटून तिला पेशीतील पाणथळ द्रवात सोडले, तर तिची घडी मोडेल. त्यामुळे हे दार हलवावयाचे तर चौकटीसह, किंबहुना भिंतीच्या तुकड्यासह हलवावे लागते. पेशी नेमके तेच करते. एका कप्प्याच्या पटलाचा छोटा भाग फुगवून, तोडून, तिची एक गोल पिशवी बनविते. हिला पुटिका म्हणतात. ती मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी किंवा त्याहूनही लहान असते. ठरावीक ठिकाणी गेल्यावर पुटिका दुसऱ्या पटलात विलीन होते आणि तिच्या अंगावरचे दार त्या पटलाचा भाग बनते.

दाराचा जन्म आंतर्द्रव्य जालिकेत होतो. केंद्रकाभोवती पसरलेल्या पटलांच्या या जाळ्यावर रायबोसोम चिकटून बसतात आणि तयार होत असलेली साखळी तेथेच पटलात ओवली जाते. कोणती साखळी जालिकेकडे न्यावयाची, याचा संकेत साखळीतच लिहिलेला असतो. हे तत्त्व गुंटर ब्लोबेल यांनी १९७० च्या दशकात मांडले व त्यासाठी त्यांना १९९९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जालिकेत साखळीची घडी घातली जाते, चार दारांचा एक संच जुळविला जातो आणि तपासणीही होते. सोलापुरी चादर गठ्ठ्यात बांधण्यापूर्वी तिची वीण पाहतात आणि सदोष नग बाजूला काढतात. येथेही तसेच घडते. ज्याची घडी चुकली ते प्रथिन पुढे जाऊ दिले जात नाही आणि काही काळाने ते मोडीत काढले जाते. या तपासणीची कठोरता पुढे आजाराच्या संदर्भात पुन्हा आठवावी लागेल.

तपासणीतून उतरलेला संच पुटिकेत चढून गॉल्जी पिंडाकडे जातो. इटालियन शास्त्रज्ञ कामिल्लो गॉल्जी यांनी १८९८ साली घुबडाच्या चेतापेशींत हा भाग पाहिला. परंतु तो खरा अवयव की रंगद्रव्याचा भास, याबद्दल पुढील पन्नास वर्षे वाद चालू होता. आज आपण त्याला एकावर एक रचलेल्या चपट्या थैल्यांची चळत म्हणून ओळखतो. एका बाजूने माल येतो आणि थैलीगणिक त्यावर संस्कार होत दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. जालिकेतील एखादे प्रथिन चुकून पुटिकेत चढून आले, तर त्याला ओळखून परत पाठविण्याची सोयही येथे आहे.

गॉल्जी पिंडाच्या बाहेर पडण्याच्या बाजूला खरी निवड होते. सोलापूर जिल्ह्यातील वाचकाला कुर्डुवाडी जंक्शन परिचित आहे. तेथून एक वाट पुण्याकडे, एक सोलापूरकडे, एक बार्शी-लातूरकडे आणि एक पंढरपूरमार्गे मिरजेकडे जाते. पार्सलावरील पत्त्याप्रमाणे ते कोणत्या गाडीत चढवावयाचे हे तेथे ठरते. पेशीतही असेच आहे. संकलक नलिकेच्या पेशीला दोन तोंडे असतात. एक मूत्राकडे आणि दुसरे रक्ताकडे. रक्ताकडील बाजूस अ‍ॅक्वापोरिन-३ आणि अ‍ॅक्वापोरिन-४ ही दारे कायमची बसविलेली असतात. अ‍ॅक्वापोरिन-२ मात्र कोठारात जाऊन थांबते आणि आदेशानंतर मूत्राकडील बाजूस जाते. रूपाने ही तिन्ही प्रथिने एकमेकांची भावंडे शोभतील. त्यांना निरनिराळ्या वाटेला लावणारा पत्ता त्यांच्या साखळीतील, विशेषतः तिच्या पेशीद्रव्यात लोंबणाऱ्या टोकांतील, काही अमिनो आम्लांच्या क्रमात असतो. पटलाच्या आतल्या अंगास असलेली काही प्रथिने तो पत्ता वाचतात आणि त्या त्या मालाभोवती पुटिका तयार करतात.

कोठारातून भिंतीपर्यंत

व्हॅसोप्रेसिन रक्ताकडील बाजूने पेशीला भेटते. तेथे त्याचा ग्राहक असतो. हाही एक पटल-प्रथिनच आणि तोही याच वाहतुकीने तेथे आलेला. संप्रेरक बसताच पेशीच्या आत चक्रीय एएमपी नावाच्या लहान रेणूचे प्रमाण वाढते. त्याने जागृत झालेले एक एन्झाइम अ‍ॅक्वापोरिन-२ च्या शेपटीतील २५६ व्या अमिनो आम्लावर फॉस्फेटचा शिक्का उमटविते. चार दारांच्या संचापैकी किमान तिघांवर शिक्का असावा लागतो, असे प्रयोगांत आढळले आहे. शिक्का बसलेला संच वाहून नेणारी पुटिका सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून व पुढे अ‍ॅक्टिन तंतूंवरून सरकते. तिला ओढणारी प्रथिने पेशीतील इंधन जाळीत अक्षरशः पावलापावलाने चालतात. भिंतीलगतचे अ‍ॅक्टिनचे दाट जाळे एरवी अडसर बनून असते. ते याच वेळी विरळ होते.

पुटिका भिंतीशी आली, तरी दोन पटले आपण होऊन एकरूप होत नाहीत. पुटिकेच्या अंगावर एक आणि भिंतीच्या अंगावर दुसरे, अशी स्नेअर कुळातील प्रथिने असतात. योग्य जोडी भेटली की त्यांचे तंतू एकमेकांत पीळ घालतात, पीळ घट्ट होत जातो आणि दोन्ही पटले एकमेकांवर दाबली जाऊन एक होतात. जोडी चुकीची असेल तर पीळ बसत नाही. म्हणून ही प्रथिने पत्त्याची शेवटची खातरजमा करणारीही ठरतात.

विलीनीकरणानंतर पीळ बसलेले तंतू सोडवावे लागतात. नाहीतर ते पुढच्या खेपेस उपयोगी पडणार नाहीत. हे काम करणारे एनएसएफ नावाचे प्रथिन जेम्स रॉथमन यांनी १९८८ साली वेगळे केले. त्याआधी १९७९ पासून रँडी शेकमन यांनी यीस्टमधील सदोष वाण शोधून वाहतुकीची जनुके एकेक करून उघड केली होती. थॉमस स्युडहॉफ यांनी चेतापेशीत पुटिकेला नेमक्या क्षणी उघडणारी यंत्रणा दाखविली. या तिघांना २०१३ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

या कथेत मुंबईचाही एक धागा आहे आणि तो उष्णतेशीच निगडित आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ पासून रेण्वीय जीवविज्ञानाचा विभाग उभारणारे ओबैद सिद्दिकी यांनी अमेरिकेतील सीमोर बेंझर यांच्यासह फळमाशीच्या काही विलक्षण वाणांचा अभ्यास केला. या माश्या नेहमीच्या तापमानात व्यवस्थित उडत-फिरत. पण तापमान वाढविले की लुळ्या पडत. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात अशा एका वाणाला मूर्च्छितावस्थेवरून ‘कोमाटोज’ हे नाव होते. माशी का कोसळते, याचा उलगडा होण्यास १९९५ साल उजाडावे लागले. या वाणात बिघडलेले जनुक एनएसएफचेच निघाले. उष्णतेने ते प्रथिन निकामी होते, पीळ सुटत नाहीत, पुटिकांची फेरी खोळंबते आणि एका चेतापेशीचा निरोप पुढे जात नाही. यीस्ट, माशी आणि माणूस यांच्यात हीच यंत्रणा थोड्याफार फरकाने चालते, ही गोष्ट या प्रकारच्या संशोधनातूनच ठसली. माशीवरील प्रयोगांचा माणसाला काय उपयोग, असे विचारले जाते तेव्हा हे उदाहरण सांगावयास हरकत नाही.

योग्य वस्तू, चुकीची जागा

काही अर्भके जन्मल्यापासून विलक्षण तहानलेली असतात. वारंवार ताप येतो, वजन वाढत नाही, लंगोट सतत ओला असतो आणि लघवी पाण्यासारखी पातळ असते. रक्तातील साखर मात्र अगदी ठीक असते. मधुमेहाशी नामसादृश्य असलेला, पण साखरेशी संबंध नसलेला हा बहुमूत्रतेचा आजार फार विरळा आहे. त्याच्या या जन्मजात प्रकारात व्हॅसोप्रेसिन भरपूर असते. मूत्रपिंड त्याला दाद देत नाही. दहापैकी सुमारे नऊ कुटुंबांत दोष व्हॅसोप्रेसिनच्या ग्राहकाच्या जनुकात असतो. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे आजार प्रामुख्याने मुलग्यांत दिसतो आणि तो आईकडून येतो. उरलेल्या बहुतेकांत दोष अ‍ॅक्वापोरिन-२ च्या जनुकात असतो. असा पहिला रुग्ण १९९४ साली नेदरलँडमधील संशोधकांनी वर्णिला.

या दोषांची तपासणी करताना जे आढळले ते विचार करावयास लावणारे आहे. बहुतेक वेळा एखादेच अमिनो आम्ल बदललेले असते. काही बदलांत दार पाणी सोडण्यास बऱ्यापैकी समर्थ असते. तरीही घडीतील किरकोळ दोषामुळे जालिकेतील तपासणीत ते अडकते आणि भिंतीपर्यंत कधीच पोहोचत नाही. दुसऱ्या एका कुटुंबात २५८ वे अमिनो आम्ल बदलले होते. शिक्क्याच्या जागेपासून अवघ्या दोन घरांवर. येथे घडी उत्तम होती, जालिकेने दार सोडलेही; पण पत्ता बिघडल्यामुळे ते गॉल्जी पिंडातच रेंगाळले. वाईट गोष्ट अशी की, चार दारांच्या संचात सदोष आणि निर्दोष दारे एकत्र येतात आणि सदोष दार निर्दोष दारांनाही आपल्यासोबत अडकवून ठेवते. म्हणून या प्रकारात आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आलेले जनुकही आजारास पुरते. जालिकेत अडकणाऱ्या प्रकारात तसे नाही. तेथे सदोष दार संचात मिसळतच नाही. त्यामुळे एक प्रत चांगली असलेला माणूस निरोगी राहतो आणि दोन्ही प्रती सदोष आल्या तरच मूल आजारी पडते. सोलापूरसह दक्षिण महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी विवाह करण्याची चाल अनेक समाजांत आहे. अशा नात्यात दोघांकडे एकच सदोष प्रत असण्याचा संभव वाढतो. ज्या घरात असे मूल जन्मले आहे, त्या घराने पुढील सोयरीक जुळविण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घेणे उचित ठरते.

रोग ओळखला गेला नाही तर वारंवार होणाऱ्या निर्जलीकरणामुळे मुलाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. ओळखला गेला तर भरपूर पाणी, कमी मीठ आणि काही औषधे यांनी मूल वाढू शकते. जालिकेत अडकलेल्या प्रथिनाला घडी घालण्यास मदत करणारे लहान रेणू द्यावेत, ही कल्पना व्हॅसोप्रेसिनच्या ग्राहकाबाबत २००० साली प्रयोगशाळेत यशस्वी ठरली. २००६ साली थोड्या रुग्णांवर प्रयोग होऊन लघवीचे प्रमाण घटल्याचेही दिसले; परंतु सुरक्षिततेच्या शंकेमुळे ते औषध पुढे जाऊ शकले नाही. हीच कल्पना फुप्फुसांच्या सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात मात्र फळाला आली आहे. तेथेही पटलातील एक प्रथिन जालिकेतच अडकते आणि त्याला मार्गस्थ करणारी औषधे २०१५ पासून वापरात आहेत.

यंत्रणेची मर्यादा

निरोगी माणसाच्या अंगी ही काटकसर असली, तरी तिला सीमा आहे. दारे पाणी वाचवितात, निर्माण करीत नाहीत. शरीरातील टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकण्यासाठी दिवसाला अर्धा लिटर तरी मूत्र खर्चावेच लागते. उन्हात अंगमेहनत करणाऱ्याचा घाम तासाला एक लिटरच्या घरात जाऊ शकतो. त्यापुढे मूत्रपिंडाची बचत तोकडी पडते. अर्भकांचे मूत्रपिंड मोठ्यांइतके दाट मूत्र बनवू शकत नाही. वृद्धांमध्ये तहानेची जाणीव मंदावते आणि मूत्रपिंडाचा प्रतिसादही उणावतो. मद्य तर व्हॅसोप्रेसिनचा आदेशच रोखून धरते. दिवसभर घामाघूम झालेला कामगार संध्याकाळी मद्याने तहान भागवू पाहतो, तेव्हा त्याची दारे कोठारातच पडून राहतात आणि उरलेसुरले पाणीही निघून जाते. मनोविकारांवर वापरल्या जाणाऱ्या लिथियम या औषधानेही अ‍ॅक्वापोरिन-२ घटते. म्हणून ते घेणाऱ्याने उन्हाळ्यात विशेष जपावे आणि लघवी फार वाढल्यास डॉक्टरांना सांगावे.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. विडी वळणाऱ्या, शेतात राबणाऱ्या आणि ऊसतोडीला जाणाऱ्या अनेक स्त्रिया कामाच्या ठिकाणी आडोसा नसल्यामुळे जाणूनबुजून पाणी कमी पितात. त्यांची संकलक नलिका तासन्‌तास काटकसरीच्या टोकावर काम करीत असते. दाट मूत्रात खडे धरण्याची व मूत्रमार्गाला संसर्ग होण्याची शक्यता अधिक असते. मध्य अमेरिकेतील ऊसतोड कामगारांत या शतकाच्या आरंभापासून मूत्रपिंडाचा एक घातक विकार नोंदविला गेला आहे. त्याची कारणमीमांसा पूर्ण झालेली नाही. पण कडक उन्हातील श्रम आणि वारंवारचे निर्जलीकरण यांच्याकडे संशयाने पाहिले जाते. राज्यातील सर्वाधिक साखर कारखान्यांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सोलापुरात, हंगाम लांबून उन्हाच्या दिवसांत शिरतो तेव्हा, फडाशेजारी पिण्याच्या पाण्याची टाकी आणि स्त्रियांसाठी शौचालय ही सोय कल्याणाच्या यादीत शेवटी टाकण्याजोगी नाही.

संध्याकाळी माग थांबतात. कामगार घरी येऊन पोटभर पाणी पितो. रक्तातील क्षारांचे प्रमाण पूर्ववत होते, व्हॅसोप्रेसिन ओसरते आणि तासाभरात मूत्र पातळ होऊ लागते. त्या वेळी पेशीच्या भिंतीत उलटी हालचाल चाललेली असते. दारे असलेला पटलाचा भाग क्लॅथ्रिन नावाच्या प्रथिनाच्या जाळीत धरला जाऊन आत खोलगट होतो आणि पुटिका बनून तुटतो. आत गेल्यावर पुन्हा निवड होते. काही दारे शिक्का पुसून कोठारात परततात. काहींवर युबिक्विटिन या लहान प्रथिनाची खूण चढते. ती लयकारिकेत जाऊन मोडीत निघतात आणि त्यांच्या अमिनो आम्लांतून पेशी पुढची प्रथिने घडविते. थोडी दारे सूक्ष्म पिशव्यांसह मूत्रातही उतरतात. दुसऱ्या दिवशी दुपारी पारा पुन्हा चाळिशीपार जाईल, तोवर कोठार भरलेले असते.